पहिलीच्या वर्गातील त्रिमितीय वाघ

संवर्धित वास्तव, म्हणजेच शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत ‘एआर’ एवढ्या दोन अक्षरांत उरकले जाणारे ऑगमेंटेड रिॲलिटी, हे असे तंत्र आहे की ज्यात कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेली वस्तू अशा बेताने बसवली जाते, की ती त्याच जमिनीवर आणि त्याच उजेडात उभी असल्याचा भास व्हावा. आभासी वास्तव त्याहून निराळे; त्यात डोळ्यांवर डबा चढवून माणसाला आहे त्या जगातून उचलून दुसरीकडे नेले जाते, तर संवर्धित वास्तवात जग जागच्या जागी राहते, वर्गाचे गळके छप्पर गळतच राहते, आणि त्याखाली एक डायनासोर येऊन उभा राहतो. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ साली या विषयाचा घेतलेला आढावा आजही आधार म्हणून वापरला जातो, आणि त्यात त्यांनी या तंत्रासाठी तीन अटी घातल्या आहेत: खरे आणि आभासी यांचे मिश्रण झाले पाहिजे, पाहणाऱ्याने काही केले की त्याला तत्क्षणी प्रतिसाद मिळाला पाहिजे, आणि आभासी वस्तू लांबी, रुंदी व खोली या तिन्ही हिशेबांनी खऱ्या जागेशी पक्की बांधलेली असली पाहिजे, म्हणजे पाहणारा बाजूला सरकला तरी ती त्याच्याबरोबर सरकू नये.

या अटींची शहानिशा करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सुटीच्या दिवशी दुपारी एखाद्या चाळीच्या जिन्याखाली चाललेली भातुकली पुरते. तेथे बदामाचे पान ही पोळी असते, विटेचा चुरा हे तिखट असते, आणि चिखलाचा गोळा प्रसंग पाहून लाडू किंवा वांग्याची भाजी होतो, तेव्हा मिश्रणाची अट निर्विवाद पुरी होते. पाहुण्याने भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार केली, की यजमानीण चिमूटभर माती लगेच वाढते आणि वर ‘आमच्याकडे कमीच खातात’ असे सुनावते, तेव्हा प्रतिसादाची अटही पुरी होते. राहिली जागेची अट. तर रिकाम्या दिसणाऱ्या कोपऱ्यात कोणी पाय ठेवला, की ‘अगं, चुलीत पाय घातलास!’ असा गलका उठतो, कारण चूल तेथे आहे, कालही तेथेच होती आणि उद्या खेळ पुन्हा सुरू झाल्यावर ती तेथेच सापडणार आहे. एकदा मांडलेली आभासी वस्तू दुसऱ्या दिवशी त्याच जागी सापडणे ही सोय या क्षेत्रातल्या बड्या कंपन्यांना बऱ्याच उशिरा साधली, हे या ठिकाणी नोंदवणे आवश्यक आहे. भातुकलीच्या यंत्रणेला बॅटरी लागत नाही, आणि आईने हाक मारली की ती कोणतेही बटण न दाबता बंद होते.

तेव्हा लहान मुलांच्या वर्गात संवर्धित वास्तव आणावे की नाही, असा प्रश्न परिषदांतून विचारला जातो त्या वेळी ते तेथे आधी नव्हते असे गृहीत धरलेले असते, आणि हे गृहीत पाच-सहा वर्षांच्या कोणत्याही माणसाला मान्य होणार नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात काठीला घोडा समजून दौडणाऱ्या मुलाचे उदाहरण दिले होते. त्यांच्या मते काठी हा एक टेकू असतो, ज्याच्या आधाराने मूल ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सोडवून घेते आणि विचारात वापरायला शिकते. टॅबच्या पडद्यावर आयाळीसह खिंकाळणारा घोडा तयार स्थितीत अवतरला, की मुलाला आनंद होतो यात शंका नाही, परंतु काठी मात्र बेकार होते. घोडा कागदावर छापलेल्या चित्रातून उठून त्याच कागदावर नाचू लागतो, हा प्रकार लहान मुलांना नवा असला तरी शिक्षण खात्यातील ज्येष्ठांना तो परका वाटण्याचे कारण नाही. कागदी घोडे नाचवण्याचा त्यांचा अनुभव या तंत्राहून कितीतरी जुना आहे.

या तंत्राचा पूर्वेतिहास पाहिला तर बालवाडीकडे पोहोचण्याचा त्याचा काही इरादा होता असे दिसत नाही. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली डोक्यावर चढवण्याचे पहिले दृश्य-उपकरण लोकांपुढे मांडले, तेव्हा ते इतके अवजड होते की छताला टांगावे लागे, आणि म्हणून त्याच्या जुळणीला ग्रीक कथेतल्या डॅमोक्लीसच्या तलवारीचे नाव पडले. एवढी टांगती तलवार डोक्यावर घेऊन जे दिसे, ते हवेत तरंगणाऱ्या काही रेघांचे साधे घन असे. पुढे बोइंग कंपनीत थॉमस कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी विमानाच्या तारांचे जुडगे बांधणाऱ्या कारागिरांना कोणती तार कोठून न्यायची ते डोळ्यांसमोरच दाखवण्याचा विचार मांडला, आणि १९९२ सालच्या त्यांच्या निबंधापासून संवर्धित वास्तव हे नाव रूढ झाले. मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी जपानमधील डेन्सो या कंपनीत १९९४ साली क्यूआर कोड जन्माला आला. हिरोकाझू कातो यांनी १९९९ साली काळ्या चौकटीचे चिन्ह ओळखून त्यावर आभासी वस्तू उभी करणारी संगणकीय साधने सर्वांना खुली केली, २०१६ साली पोकेमॉन गो या खेळाने प्रौढ माणसांनाही भर रस्त्यात मोबाईल पुढे धरून कल्पित प्राण्यांमागे धावायला लावले, आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत ही क्षमता महागड्या मोबाईलमध्ये अंगचीच येऊ लागली. अशा रीतीने विमानाच्या तारा आणि मोटारींचे सुटे भाग यांच्यासाठी शोधलेल्या दोन युक्त्या अखेरीस नाक पुसण्यासाठी बाही वापरणाऱ्या वापरकर्त्यांच्या हाती आल्या.

महाराष्ट्रात यांपैकी दुसरी युक्ती आधी आली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा उपक्रम केला, पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर हे ठिपकेदार चौकोन सर्रास दिसू लागले, केंद्राचे दीक्षा हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले, आणि डिसले यांना २०२० सालचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, ज्याच्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिला. क्यूआर कोड हे संवर्धित वास्तव नव्हे, कारण तो स्कॅन केला की चित्रफीत उघडते आणि पुस्तक बाजूला पडते. पण पुस्तकाच्या पानामागे आणखी काही दडलेले आहे, ही कल्पना मुलांच्या मनात त्यानेच रुजवली. काही मुलांनी हे चौकोन पेन्सिलीने रंगवून पूर्ण काळे केले, असे कोणतेही जुने पुस्तक उघडले तरी दिसते. त्यामागे जिज्ञासा होती की नीटनेटकेपणा, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

आता सर्जनशीलतेकडे वळले पाहिजे, कारण खरेदीच्या प्रस्तावात उपकरणांच्या संख्येनंतर लगेच हाच शब्द येतो. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे केलेल्या अध्यक्षीय भाषणापासून या गुणाचा शास्त्रीय अभ्यास जोमाने सुरू झाला असे मानले जाते. त्यांच्या पद्धतीतील एक प्रसिद्ध चाचणी अशी, की वीट किंवा तत्सम साधी वस्तू घेऊन तिचे नेहमीपेक्षा वेगळे किती उपयोग सुचतात ते विचारायचे, आणि उत्तरे किती आहेत, किती तऱ्हांची आहेत, किती अनपेक्षित आहेत आणि किती तपशिलात आहेत यांवरून गुण द्यायचे. एकाच बरोबर उत्तराकडे न जाता अनेक दिशांना फुटणाऱ्या या विचाराला अपसारी विचार म्हणतात. हीच चाचणी वर्गातील टॅबला लावून पाहिली, तर एक चमत्कारिक निष्कर्ष हाती येतो. टॅब चालू असताना त्याचा उपयोग एकच असतो, आणि तो बाईंनी आधीच सांगितलेला असतो. टॅब बंद पडला, की तो पाण्याच्या माठावरचे झाकण होतो, उकाड्यात पंखा होतो, काळ्या काचेत केस विंचरण्याचा आरसा होतो, खिडकीतून येणारी तिरीप छतावर नाचवण्याचे साधन होतो, घसरगुंडीसाठी आसन होता होता थोडक्यात वाचतो, आणि बाकावर आडवा ठेवला तर दोन मुलांमधली सरहद्द होतो. गिलफर्ड यांच्या निकषांवर बंद टॅब चालू टॅबपेक्षा कितीतरी पुढे आहे. मात्र बंद टॅबसाठी निधी मिळत नाही.

प्रत्यक्ष वर्गात हे तंत्र कसे चालते याचे निरीक्षण उद्बोधक आहे. गूगलच्या शोधयंत्रात २०१९ पासून वाघासारखे काही प्राणी त्रिमितीय रूपात पाहण्याची सोय झाली, आणि २०२० सालच्या टाळेबंदीत महाराष्ट्रातील असंख्य दिवाणखान्यांत सोफ्याशेजारी वाघ उभा राहिल्याची छायाचित्रे नातेवाइकांच्या गटांवर फिरली, त्यामुळे पहिलीच्या वर्गात वन्य प्राण्यांचा पाठ आला की हाच वाघ बोलावण्याकडे शिक्षकांचा ओढा असतो. उपकरण प्रथम पृष्ठभाग शोधण्यासाठी टॅब हळूहळू फिरवण्याची सूचना देते, आणि बाई तो दोन्ही हातांत धरून आरती ओवाळावी तसा जमिनीसमोर फिरवतात; मुलेही सवयीने हात जोडतात. या वेळी यंत्राच्या आत जे घडते ते असे, की कॅमेऱ्याला दिसणाऱ्या दृश्यातील ठळक कोपरे, कडा आणि डाग अशा खुणा हेरल्या जातात, टॅब हलला की त्या खुणा पडद्यावर किती सरकल्या हे मोजले जाते, त्याला आतल्या गतिमापकाची जोड दिली जाते, आणि त्यावरून जमीन कोठे आहे व टॅब तिच्यापासून किती अंतरावर आहे याचा अंदाज बांधला जातो. ज्या पृष्ठभागावर खुणाच नाहीत, उदाहरणार्थ पॉलिश केलेली कोरी पांढरी फरशी, तेथे यंत्र गोंधळते आणि वाघ तरंगू लागतो किंवा हळूहळू दाराबाहेर घसरत जातो. उलट खडूचे शिंतोडे, शाईचे डाग, खिचडीचे सुकलेले थेंब आणि शहाबादीच्या भेगा असलेल्या जमिनीवर तो चारी पायांनी ठाम उभा राहतो. स्वच्छ शाळेचे बक्षीस आणि स्थिर वाघ ही दोन उद्दिष्टे एकाच वर्षात गाठणे कठीण आहे, याची नोंद नियोजनकर्त्यांनी घ्यावी.

वाघ उभा राहिला की दुसरी अडचण उपस्थित होते, तिला तंत्रज्ञ आच्छादनाचा प्रश्न म्हणतात. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे माणसाच्या डोळ्याला सहज कळते, परंतु साध्या उपकरणाला खोलीचे मोजमाप नीट करता येत नसल्याने ते आभासी वस्तू सर्वांच्या वर काढून मोकळे होते. परिणामी एखादा मुलगा वाघाच्या पुढे जाऊन बसला तरी पडद्यावर वाघच मुलाच्या पुढे दिसतो आणि मुलगा दिसेनासा होतो. अलीकडच्या काही उपकरणांत हा दोष बऱ्याच अंशी सुधारला आहे, ही या पाठाच्या दृष्टीने दुर्दैवाची गोष्ट म्हटली पाहिजे. कारण ‘बाई, वाघाने ह्याला खाल्लं!’ हे उद्गार ज्या क्षणी उमटतात, त्या क्षणापर्यंत वर्ग वाघाचे पट्टे, आहार आणि अधिवास यांविषयीची माहिती निमूटपणे ऐकत असतो आणि त्यानंतर त्याला आवरणे कोणालाही शक्य नसते. खाल्ला गेलेला मुलगा एक पाऊल बाजूला सरकून जिवंत परत येतो, आत अंधार होता आणि एक बकरी होती असे सांगतो, ताबडतोब सर्वांना खाऊन घ्यायचे असते, त्यासाठी रांग लागते, रांगेत ढकलाढकली होते, आणि एका मुलीला वाघाच्या पोटातून आपल्या आजीला बाहेर आणायचे असते. सर्जनशीलतेच्या उद्दिष्टाची पूर्ती येथे झालेली असते, पण ती यंत्राच्या गुणाने नव्हे, त्याच्या चुकीने झालेली असते, आणि पाठटाचणात तिच्यासाठी रकाना नसतो.

तरीही या पाठातला सर्वांत मोलाचा भाग पडद्यासमोर घडत नाही. वर्गात मुले तीस आणि टॅब एक, हे आपल्याकडचे नेहमीचे प्रमाण असल्याने पडद्यावर काय चालले आहे ते पहिल्या पाच-सहा जणांनाच दिसते. उरलेल्यांना टॅबची पाठ दिसते, आणि तिच्यावर शाळेचे नाव व साठा क्रमांक तैलरंगाने लिहिलेला असतो. मग पुढचे मागच्यांना सांगू लागतात. पुढच्या ओळीत वाघ नुसता उभा असतो. दुसऱ्या ओळीत तो जिभल्या चाटतो. तिसरीत त्याने बाईंच्या पर्समधला डबा हुंगलेला असतो. आणि भिंतीलगतच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेतो त्याला दोन पिल्ले झालेली असतात, त्यांपैकी एक लंगडे असते आणि ते मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरलेले असते. प्राणीशास्त्राच्या दृष्टीने या वाघात अनेक दोष असले तरी कारागिरी म्हणून पाहता तो पडद्यावरच्या वाघापेक्षा सरस असतो, कारण पडद्यावरचा वाघ सर्व जगात एकच आहे आणि शेवटच्या ओळीतला वाघ प्रत्येक शाळेत वेगळा असतो. पाठानंतर चित्र काढायला सांगितले, तर पुढची मुले वाघ कसा होता ते आठवू लागतात आणि मागची मुले सरळ काढायला बसतात.

रंगवण्याच्या पानांचा प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर संवर्धित वास्तवाच्या बाजूने बोलणारा तोच सर्वांत भक्कम साक्षीदार आहे. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेतून पुढे आलेल्या क्विव्हर या ॲपमध्ये छापील बाह्यरेषेचे पान मुलाने खडूंनी रंगवायचे आणि त्यावर कॅमेरा धरायचा असतो; पानावरचा पक्षी उठून उभा राहतो आणि त्याच्या अंगावर मुलाने दिलेलेच रंग असतात. जांभळी चोच आणि हिरवे पाय देणाऱ्या मुलाला आपल्याच हातचा पक्षी पंख फडफडवताना पाहून जो आनंद होतो, त्याला कोणत्याही टीकाकाराने नाक मुरडू नये. परंतु रंग उचलताना यंत्र फक्त ठरलेल्या रेषेच्या आतला भाग उचलते. पक्ष्याला ऊन लागू नये म्हणून मुलाने वरच्या कोपऱ्यात काढलेली छत्री, त्याच्या जेवणासाठी खाली ठेवलेल्या दोन अळ्या आणि शेजारी उभा केलेला ‘ह्याचा मामा’ हे सर्व कागदावरच पडून राहतात. शिवाय पक्ष्याची पाठ कागदावर नसतेच, ती कोणीच रंगवलेली नसते, तेव्हा समोरच्या रंगांवरून तर्क करून ती भरावी लागते. या तर्काची रीत २०१५ साली डिस्ने रिसर्चच्या संशोधकांनी एका निबंधात सविस्तर मांडली आहे, आणि ती वाचताना लक्षात येते की या सगळ्या खटाटोपात ज्याला खरोखर काही कल्पावे लागले, तो संगणक होता.

मुलांची या तंत्रावरची प्रतिक्रिया मात्र विद्वानांना अपेक्षित दिशेने जात नाही. काळ्या चौकटीच्या चिन्हावर उभ्या राहणाऱ्या आकृतीचे असे असते, की चौकटीची एक कड जरी झाकली तरी यंत्राला ती ओळखता येत नाही आणि आकृती नाहीशी होते; हा शोध वर्गात कोणाच्या तरी मळक्या अंगठ्यामुळे लागतो आणि त्यानंतर डायनासोर पाहण्यात कोणालाही रस उरत नाही. अंगठा ठेवला की गेला, काढला की आला, या खेळाचे मंत्र तयार होतात, ते म्हणणारा भगत ठरतो, डायनासोर चुकून भलत्या वेळी आला तर त्याचा दोष प्रेक्षकांतील एखाद्याच्या अपवित्रपणावर ढकलला जातो, आणि एका कार्यक्षम तंत्राचे अर्ध्या तासात एका परिपूर्ण जादूच्या प्रयोगात रूपांतर होते. ज्यांनी हे तंत्र बनवले त्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत अंगठ्याचा उल्लेख दोष-निवारण या प्रकरणात असतो.

शिक्षकांची सर्जनशीलता हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग होय. वीजबिल थकल्याने जोडणी तोडलेल्या शाळेत टॅब शेजारच्या घरातून चार्ज करून आणणे, स्वतःच्या मोबाईलचे इंटरनेट त्याला पुरवणे, ॲपमधल्या परदेशी कोल्ह्याला उसाच्या फडातला कोल्हा म्हणून खपवणे, आणि ऐन पाठाच्या वेळी अद्ययावतीकरण सुरू झाल्यावर ते संपेपर्यंत तीस मुलांना गोष्ट सांगून बसवून ठेवणे या गोष्टींसाठी जी कल्पकता लागते, ती कोणत्याही चाचणीत मोजली जात नाही. अद्ययावतीकरणाच्या काळात सांगितलेल्या या गोष्टी बऱ्याचदा त्या दिवसाचा सर्वोत्तम पाठ असतात. त्यानंतर अहवाल येतो. अहवालाच्या ऑनलाइन लिंकमध्ये उपक्रमाचा दिनांक, स्थळासह छायाचित्र आणि ‘सर्जनशीलता वाढलेले विद्यार्थी: मुले, मुली, एकूण’ अशा धर्तीची माहिती भरायची असते, आणि पटावर जितकी नावे आहेत तितक्यांची सर्जनशीलता त्या दिवशी वाढते, गैरहजर मुलेही यातून सुटत नाहीत. टॅबची नोंद जडवस्तू नोंदवहीत होते, चार वर्षांनी तो मोडला की त्याच्या निर्लेखनाचा, म्हणजे साठ्यातून अधिकृतपणे कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवावा लागतो. वाघाची नोंद मात्र कोठेच नसल्याने तो हरवला, पळाला किंवा शोधयंत्राने काढून टाकला, तरी मुख्याध्यापकांवर वसुली निघत नाही. सरकारी साधनांच्या इतिहासात एवढी निर्धास्त वस्तू दुसरी नसेल.

खाजगी पूर्वप्राथमिक शाळांचे चित्र वेगळे आहे. तेथे प्रवेशाच्या हंगामात प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सवर एक गोंडस मूल आणि त्याच्या तळहातावर पृथ्वी असते, सूर्यमालेचे शुल्क वेगळे आकारले जाते, आणि पालकांना फेरफटका घडवताना आभासी व्हेल मासा सभागृहात पोहून दाखवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा आणि कमी असल्यास उत्तम. यावर अशा शाळांचे उत्तर तयार असते, की संवर्धित वास्तवात मूल बसत नाही, टॅब धरून फिरते. हे उत्तर अगदीच खोटे नाही, फक्त फिरणाऱ्या मुलाची नजर पडद्यात असल्याने त्याच्या मार्गात दुसरे फिरणारे मूल येते, आणि त्या दोघांच्या कपाळांची जी गाठ पडते तीत आभासी असे काहीच नसते.

या सर्वाचा अर्थ उपकरण फेकून द्यावे असा काढणे चुकीचे होईल. जे वर्गात आणताच येत नाही, ते दाखवण्याचे काम ते चोख करते: व्हेल केवढा असतो हे शाळेच्या मैदानात त्याच्या पूर्ण लांबीने उभे करून दाखवणे, किंवा धडधडणारे हृदय चहूबाजूंनी पाहू देणे, फळ्यावरच्या चित्राला जमत नाही. ऑस्मो नावाच्या खेळात कॅमेऱ्यावर एक छोटा लाल आरसा बसवून टॅबची नजर टेबलाकडे वळवली जाते, म्हणजे मुलाचे हात खऱ्या कागदावर आणि खऱ्या ठोकळ्यांवर राहतात आणि यंत्र खालमानेने ते पाहते. यंत्राने मान खाली घालण्याची ही पद्धत शैक्षणिकदृष्ट्या फार निरोगी आहे. मात्र माहिती दाखवणे आणि कल्पना जागवणे ही दोन कामे निरनिराळी आहेत, आणि पहिल्याच्या पावतीवर दुसऱ्याचे बिल लावण्याची सवय मोडली पाहिजे.

दुसऱ्या कामाचा अनुभव महाराष्ट्राला अजिबात नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे १९५७ साली अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तेथील आदिवासी मुलांसाठी महागडी विलायती साधने परवडत नसल्याने पाने, बिया, शिंपले, खडे आणि माती यांतून शिकण्याची साधने उभी राहिली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळा अंगणात गेली, आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानणाऱ्या २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने खेळणी, कोडी, बाहुल्या आणि गोष्टींची पुस्तके असलेला जादुई पिटारा सादर केला, तेव्हा कोसबाडच्या परंपरेचेच हे सरकारी रूप आहे असे वाटून जुन्या जाणत्यांना समाधान वाटले. पिटाऱ्याची मोबाईलवरची आवृत्तीही लवकरच आली, तेव्हा ते समाधान आटोपते घ्यावे लागले. पाटी-पेन्सिलीच्या काळात रंगवलेल्या ‘बोलक्या भिंती’, जिन्याच्या पायऱ्यांवरचे पाढे, दार उघडताच किती अंशांचा कोन झाला ते सांगणारी उंबऱ्याजवळची रंगवलेली कमान या गोष्टी आजही अनेक शाळांत टिकून आहेत, आणि त्यांतील दाराखालची कमान तर अझुमा यांच्या अटींच्या इतक्या जवळ जाते, की फक्त कुरकुरणारी बिजागरी तिला परीक्षेत नापास करू शकेल.

तेव्हा खरेदी समित्यांना विनंती अशी, की दर विद्यार्थ्यामागे एक टॅब हे उद्दिष्ट त्यांनी निदान पहिली-दुसरीपुरते तरी सोडून द्यावे. तीस मुलांना एक टॅब हे सध्याचे प्रमाण अपुरे नसून ते जवळजवळ आदर्श आहे, आणि निधीअभावी का होईना, ते आपोआप साधले गेले आहे. उरलेल्या रकमेतून पाठकोरे कागद, जाड खडू, गोंद आणि कात्र्या घ्याव्यात, वर्षभर पुरतील इतक्या घ्याव्यात, आणि त्यांच्या वापराचा अहवाल मागवू नये. टॅब घ्यायचाच असेल तर तो स्वस्तातला, खोलीचे मोजमाप नीट न जमणारा घ्यावा, आणि त्याची पाठ ज्या ओळीकडे असेल त्या ओळीतल्या मुलांची चित्रे तपासताना वाघाला किती पाय आहेत ते मोजू नये.